बोरिस कार्लॉफ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या भयपटांचा विषय निघाला की बोरिस कार्लॉफ यांच्याबद्दलचे ठरावीक प्रश्न वाचक पुन्हा पुन्हा पाठवतात. त्यांतले महत्त्वाचे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्या प्रश्नात पुढे जात असेल, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. बोरिस कार्लॉफ नेमके कोण? नाव ऐकले आहे, पण चेहरा आठवत नाही.

चेहरा तुम्ही नक्की पाहिलेला आहे. तो त्यांचा आहे एवढेच ठाऊक नसेल. सपाट माथा, अर्धवट मिटलेल्या जड पापण्या, मानेच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेले धातूचे खुंट आणि आखूड बाह्यांचा काळा कोट असे राक्षसाचे जे चित्र मुलांच्या मुखवट्यांपासून व्यंगचित्रांपर्यंत सगळीकडे दिसते, ते युनिव्हर्सल स्टुडिओच्या 1931 मधील 'फ्रँकेनस्टाइन' या चित्रपटातले आहे आणि त्या रंगभूषेआडचा नट म्हणजे कार्लॉफ. त्यांचा जन्म 23 नोव्हेंबर 1887 रोजी लंडनमध्ये झाला आणि 2 फेब्रुवारी 1969 रोजी इंग्लंडमधल्याच ससेक्स परगण्यातील मिडहर्स्ट येथे, वयाच्या 81 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. दीडशेहून अधिक चित्रपट, शिवाय रंगभूमी, रेडिओ आणि दूरचित्रवाणी एवढा त्यांच्या कामाचा पसारा आहे. लोक त्यांना भयपटांचा सम्राट म्हणतात. माझ्या मते त्यांची खरी ओळख चरित्र अभिनेता हीच आहे आणि भयपटांतले त्यांचे यशही त्या कसबावरच उभे आहे. ते कसे, हे प्रश्न 5 आणि 7 मध्ये पाहू.

2. नावावरून ते रशियन वाटतात. खरेच रशियन होते का?

नाही. त्यांचे खरे नाव विल्यम हेन्री प्रॅट. नऊ भावंडांत ते सर्वांत धाकटे होते. वडील ब्रिटिश राजवटीत भारतातील मीठ महसूल खात्यात नोकरीला होते आणि एक थोरले बंधू, सर जॉन प्रॅट, पुढे चीनविषयक जाणकार मुत्सद्दी म्हणून नावारूपाला आले. धाकट्यानेही सरकारी वकिलातीच्या सेवेत जावे अशी घरच्यांची अपेक्षा होती. ती मोडून 1909 मध्ये ते कॅनडाला गेले आणि नट झाल्यावर नवे नाव घेतले. 'कार्लॉफ' हे आईच्या घराण्यातले जुने रशियन आडनाव असल्याचे ते सांगत, परंतु त्याला आधार सापडलेला नाही आणि त्यांच्या मुलीनेही तसे स्पष्ट सांगितले आहे. कायद्याने मात्र ते अखेरपर्यंत प्रॅटच राहिले.

3. त्यांचे अहमदनगरशी नाते होते असे वाचले. ही अफवा आहे का?

अफवा नाही. नाते आजीकडून येते. कार्लॉफ यांच्या आईची आई एलायझा ज्युलिया एडवर्ड्स ही ॲना लिओनोवेन्स यांची सख्खी बहीण. सयामच्या राजदरबारात 1862 पासून राजपुत्रांना शिकवणाऱ्या आणि त्यावरच्या आठवणींमुळे जगप्रसिद्ध झालेल्या ॲना यांचा जन्म 1831 मध्ये अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला झाला. त्यांचे वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात सार्जंट होते. ॲना यांचे लग्नही 1849 मध्ये पुण्यात लागले. स्वतः ॲना मात्र आपला जन्म वेल्समधला असल्याचे सांगत राहिल्या. बहिणीच्या कुटुंबाशीही त्यांनी पुढे संबंध ठेवला नाही. या घराण्यात आईच्या बाजूने भारतीय रक्त असावे असे अभ्यासक मानतात. त्या काळातल्या इंग्रज समाजात अशा वंशाची माणसे कशी वागवली जात, हे लक्षात घेतले की ॲना यांचा 'वेल्स' आणि कार्लॉफ यांचे 'रशियन पूर्वज' यांच्यात एकाच प्रकारची अडचण दिसू लागते. कार्लॉफ यांच्या मनात नेमके काय होते ते आपण सांगू शकत नाही, पण त्यांच्या सावळ्या वर्णामुळे मूकपटांच्या काळात त्यांना कोणत्या भूमिका मिळत गेल्या हे कागदोपत्री दिसते (प्रश्न 5).

4. फ्रँकेनस्टाइन हे राक्षसाचेच नाव ना?

नाही. मेरी शेली यांच्या 1818 मधील कादंबरीत ते त्याच्या निर्मात्याचे आडनाव आहे. चित्रपटात तो निर्माता कॉलिन क्लाइव्ह यांनी साकारला. राक्षसाला नावच नाही, आणि ते नसणे हाच कथेचा गाभा आहे. मराठीत 'फ्रँकेनस्टाइन' या शब्दासाठी अनेकदा 'भस्मासुर' वापरला जातो, तो मला पटत नाही. भस्मासुराला वर मिळाला होता आणि तो वर त्याने देणाऱ्यावरच उलटवला. या जिवाला कोणी काहीच दिले नाही. जन्माला घातले आणि घाबरून दूर केले. कार्लॉफ यांनी भूमिका केली ती हा फरक ओळखून.

5. एका चित्रपटाने ते रातोरात प्रसिद्ध झाले, हे खरे आहे का?

प्रसिद्धी रातोरात आली, पण ती येईपर्यंत वीस वर्षे गेली होती. 'फ्रँकेनस्टाइन' प्रदर्शित झाला तेव्हा ते 44 वर्षांचे होत होते आणि त्यांच्या नावावर लहानमोठे सुमारे ऐंशी चित्रपट जमा होते.

कॅनडात गेल्यावर आधी शेतमजुरी, मग ब्रिटिश कोलंबियातल्या एका फिरत्या नाटक कंपनीत प्रवेश, असा त्यांचा आरंभ आहे. लहानपणी ते तोतरे बोलत. तोतरेपणावर त्यांनी मात केली, पण 'स'चा उच्चार थोडा बोबडा राहिला तो कायमचा. पाय किंचित बाहेरच्या बाजूला वाकलेले होते. देखण्या नायकाच्या भूमिका मिळण्याची शक्यता नव्हती आणि त्यांनी ती कधी धरलीही नाही. फिरत्या कंपनीत नाटके झटपट बदलत, पाठांतराला वेळ नसे आणि आज म्हातारा, उद्या दरोडेखोर, परवा धर्मगुरू असे करावे लागे. या शिक्षणाला पर्याय नाही असे मला वाटते, कारण पुढे एकही वाक्य नसलेली भूमिका वाट्याला आली तेव्हा उपयोगी पडली ती हीच शिदोरी.

सुमारे 1917 पासून ते लॉस एंजेलिस परिसरात होते. मूकपटांत त्यांना गर्दीतला माणूस, तस्कर, अरब, मेक्सिकन आणि मूळनिवासी अमेरिकी अशा भूमिका मिळाल्या. 1921 मधील 'द होप डायमंड मिस्टरी' या मालिकापटात तर ते हिंदू पुजारी आहेत. काम नसेल तेव्हा ते मालमोटार चालवत आणि जड पोती वाहत. 'द बेल्स' (1926) या मूकपटात लायनेल बॅरिमोर यांच्यासमोर त्यांनी साकारलेला संमोहनकार लक्षात राहण्याजोगा आहे. खरे वळण आले ते 'द क्रिमिनल कोड'मुळे. हॉवर्ड हॉक्स यांच्या 1931 मधील या चित्रपटातला सूडाने पेटलेला कैदी त्यांनी आधी रंगभूमीवर केला होता. तो कैदी फार कमी बोलतो. फक्त चालत येतो, आणि तेवढ्याने अंगावर काटा येतो. याच सुमारास दिग्दर्शक जेम्स व्हेल यांनी युनिव्हर्सलच्या उपाहारगृहात त्यांना जेवताना पाहिले आणि राक्षसाच्या भूमिकेसाठी चाचणी द्यायला सांगितले.

6. ही भूमिका बेला लुगोसी यांनी नाकारली म्हणून कार्लॉफ यांना मिळाली, असे म्हणतात ना?

अर्धे खरे आहे. 'ड्रॅक्युला' (1931) यशस्वी झाल्यावर युनिव्हर्सलने पुढच्या भयपटासाठी लुगोसी यांचे नाव धरले होते आणि रॉबर्ट फ्लोरी यांच्या दिग्दर्शनाखाली चाचणीचे चित्रीकरणही झाले. पुढे चित्रपट व्हेल यांच्याकडे गेला आणि फ्लोरी व लुगोसी दोघेही दुसऱ्या चित्रपटाकडे वळले. संवाद नसलेली भूमिका आपणच नाकारली असे लुगोसी सांगत. स्टुडिओने त्यांना बाजूला केले असे इतर सांगतात. दोघांच्या पुढच्या संबंधांबद्दल प्रश्न 11 पाहा.

7. राक्षसाचा चेहरा तर रंगभूषाकाराने घडवला. मग त्यात कार्लॉफ यांचा अभिनय तो काय?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

चेहरा जॅक पियर्स यांचा, यात वाद नाही. मेंदू बसवायचा तर शल्यविशारद कवटी डब्याच्या झाकणासारखी आडवी कापेल, या तर्काने त्यांनी माथा सपाट केला. मानेवरचे खुंट विजेचा प्रवाह आत सोडण्यासाठी आहेत. कापूस आणि चिकट द्रावण यांचे थर चढवून कपाळ उभारले जाई. हे सारे करायला रोज सुमारे चार तास लागत. मात्र दोन गोष्टी खास कार्लॉफ यांच्या आहेत. डोळे फार सावध, फार समंजस दिसतात असे त्यांना वाटले म्हणून पापण्यांवर मेण लावून त्या जड करण्याची सूचना त्यांनी केली. आणि तोंडातली कृत्रिम दातांची पट्टी काढून ठेवल्यामुळे एका गालाला जो खळगा पडला, तो पियर्स यांनी छाया देऊन अधिक खोल केला.

पण चेहरा हे फक्त साधन. राक्षसाचा पहिला प्रवेश आठवा. तो दारातून पाठमोरा आत येतो, सावकाश वळतो आणि कॅमेरा तीन टप्प्यांत त्याच्या चेहऱ्याजवळ जातो. येथपर्यंतची भीती दिग्दर्शकाची आणि रंगभूषाकाराची आहे. त्यानंतर छतावरची झडप उघडते आणि अंधारात ठेवलेल्या या जिवावर पहिल्यांदा उजेड पडतो. तो मान वर करतो, उठतो आणि दोन्ही हात वर नेऊन तो उजेड धरू पाहतो. झडप बंद होते. मग तेच हात खाली येऊन निर्मात्यापुढे पसरतात, गेलेली वस्तू परत मागणाऱ्या लहान मुलासारखे. एक शब्द नाही, चेहऱ्याचे स्नायू रंगभूषेखाली जवळजवळ गोठलेले, पापण्या अर्ध्या मिटलेल्या. सारे काही हातांवर आणि मानेच्या कलावर चालले आहे. येथून पुढे प्रेक्षक त्याला घाबरतो आणि त्याची कणवही करतो. पुढच्या अनेक नटांनी हाच मुखवटा घातला, पण हा क्षण कोणालाही पुन्हा उभा करता आला नाही. रंगभूषेने भूमिका होत असती तर तो आला असता.

जड बूट आणि आत जाड कापडाचे थर भरलेला पोशाख घालून भर उन्हाळ्यात हे चित्रीकरण झाले. पवनचक्कीच्या प्रसंगासाठी कॉलिन क्लाइव्ह यांना खांद्यावर घेऊन टेकडी चढावी लागली, ती वारंवार. पाठीच्या दुखण्याने त्यांना पुढे आयुष्यभर छळले.

8. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव का नाही?

राक्षसाच्या नावापुढे तेथे केवळ प्रश्नचिन्ह आहे. कुतूहल वाढवण्याची ती युक्ती होती. शेवटच्या नामावलीत बोरिस कार्लॉफ हे नाव येते. चार वर्षांनी 'ब्राइड ऑफ फ्रँकेनस्टाइन'च्या वेळी मात्र पडद्यावर फक्त 'कार्लॉफ' एवढे आडनाव झळकले.

9. तळ्याकाठच्या लहान मुलीचा प्रसंग मी दोन प्रतींत दोन प्रकारे पाहिला. खरा कोणता?

लांब असलेला खरा. राक्षस आणि मुलगी पाण्यावर फुले तरंगवत असतात. फुले संपतात, तेव्हा तीही फुलासारखीच तरंगेल असे समजून तो तिला उचलून पाण्यात टाकतो, आणि ती बुडाल्यावर गोंधळून पळतो. हा शेवट सेन्सॉरला आणि प्रेक्षकांना असह्य वाटला म्हणून राक्षस हात पुढे करतो तेथेच प्रसंग कापण्यात आला. परिणाम उलटा झाला: पुढच्या दृश्यात बापाच्या हातावर मुलीचे प्रेत दिसते आणि मधल्या वेळात काय घडले असेल याबद्दल प्रेक्षक मूळ प्रसंगापेक्षा कितीतरी भयंकर कल्पना करतो. 1980 च्या दशकात हा भाग परत जोडला गेला. खुद्द कार्लॉफ यांचा मुलीला फेकण्याला चित्रीकरणाच्या वेळीच विरोध होता. तिला हळुवार पाण्यावर ठेवावे असे त्यांचे म्हणणे होते. मला ते बरोबर वाटते, कारण फुले फेकलेली नव्हती, सोडलेली होती.

10. राक्षसाची भूमिका त्यांनी एकूण किती वेळा केली?

चित्रपटांत फक्त तीन वेळा: 'फ्रँकेनस्टाइन' (1931), 'ब्राइड ऑफ फ्रँकेनस्टाइन' (1935) आणि 'सन ऑफ फ्रँकेनस्टाइन' (1939). दुसऱ्या चित्रपटात राक्षस बोलू लागतो. ही कल्पना त्यांना पसंत नव्हती, तरी आंधळ्या संन्याशाच्या झोपडीत तो शब्द शिकतो तो प्रसंग त्यांच्या उत्तम कामांपैकी आहे, असे त्यांच्याशी असहमत होऊन म्हणावेसे वाटते. तिसऱ्या चित्रपटानंतर, आता या पात्रात नवे काही उरलेले नाही आणि ते हास्यास्पद होत जाईल असे जाणून, ते थांबले.

गोंधळ होतो तो दोन ठिकाणी. 'हाउस ऑफ फ्रँकेनस्टाइन' (1944) मध्ये ते आहेत, पण वेड्या शास्त्रज्ञाच्या भूमिकेत. राक्षस ग्लेन स्ट्रेंज यांनी केला आहे. 'फ्रँकेनस्टाइन 1970' (1958) मध्येही ते फ्रँकेनस्टाइन घराण्यातले सरदार आहेत. अपवाद एकच: 1962 मध्ये 'रूट 66' या दूरचित्रवाणी मालिकेच्या एका भागासाठी त्यांनी ती रंगभूषा पुन्हा चढवली होती.

11. लुगोसी आणि कार्लॉफ यांच्यात वैर होते का?

वैराच्या गोष्टी नंतर फुगवल्या गेल्या. दोघे आठ चित्रपटांत एकत्र आहेत, त्यांत 'द ब्लॅक कॅट' (1934) सर्वांत चांगला. तेथे दोघांना समान वाव आहे. त्यानंतर कार्लॉफ यांचे नाव वर आणि मोबदला जास्त हे नेहमीचे झाले आणि लुगोसी यांना त्याचे दुःख होते. 'सन ऑफ फ्रँकेनस्टाइन'मध्ये मोडक्या मानेचा इगॉर साकारून लुगोसी यांनी कार्लॉफ यांच्यावरही मात केली, हे मान्य करायला हवे. जो राक्षस त्यांनी सोडला किंवा गमावला (प्रश्न 6), तोच त्यांना 1943 मध्ये करावा लागला.

12. 'द ममी'मध्ये ते पूर्ण वेळ पट्ट्यांत गुंडाळलेले आहेत का?

नाही. पट्ट्यांतले दृश्य सुरुवातीला काही क्षणच आहे, जरी त्यासाठी सुमारे आठ तास रंगभूषा चालली होती. उरलेल्या चित्रपटात (1932) ते सुरकुतलेल्या चेहऱ्याचे, संथ आणि अदबशीर इजिप्शियन गृहस्थ म्हणून वावरतात.

13. त्यांची सर्वोत्तम भूमिका कोणती?

राक्षस बाजूला ठेवला तर माझे उत्तर 'द बॉडी स्नॅचर' (1945). निर्माते व्हॅल ल्यूटन, दिग्दर्शक रॉबर्ट वाइज, मूळ कथा रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांची. 1831 मधील एडिंबरो. वैद्यकीय शाळेला प्रेते पुरवणारा गाडीवान जॉन ग्रे. 1939 पासून कार्लॉफ यांनी कोलंबिया स्टुडिओसाठी वेड्या डॉक्टरांच्या भूमिका एकामागून एक केल्या होत्या आणि त्यांत ते पुरते अडकले होते. त्या साचलेपणातून आपल्याला ल्यूटन यांनी बाहेर काढले, अशी कृतज्ञता ते पुढे बोलून दाखवत.

ग्रे चालू न शकणाऱ्या मुलीला उचलून घोड्याला थोपटू देतो तेव्हा त्याचा स्नेह खोटा नसतो. त्याच माणसाची घोडागाडी रात्री रस्त्यावर गाणाऱ्या भिकारणीच्या मागे कमानीखालच्या अंधारात शिरते. पडद्यावर काहीच दिसत नाही, गाणे ऐकू येत असते, आणि मध्येच ते थांबते. कार्लॉफ यांनी दोन्ही प्रसंगांत आवाजाची पट्टी बदललेली नाही, आणि भीती नेमकी त्यातून येते. ल्यूटन यांच्यासोबतचे इतर दोन चित्रपट म्हणजे 'आइल ऑफ द डेड' (1945) आणि 'बेडलॅम' (1946).

14. भयपट सोडून त्यांनी काहीच केले नाही का?

पुष्कळ केले. जॉन फोर्ड यांच्या 'द लॉस्ट पॅट्रोल' (1934) मध्ये ते धर्मवेडा सैनिक आहेत. ब्रॉडवेवर 1941 मध्ये 'आर्सेनिक अँड ओल्ड लेस' या नाटकात त्यांनी जोनाथन ब्रूस्टर हा खुनी केला. तो बोरिस कार्लॉफसारखा दिसतो असे कोणी म्हटले की पिसाळतो. फ्रँक काप्रा यांच्या चित्रपटात ही भूमिका रेमंड मॅसी यांच्याकडे गेली, कारण नाटक जोरात चालू होते आणि निर्माते कार्लॉफ यांना सोडायला तयार नव्हते. 1950 मध्ये ते 'पीटर पॅन'मधले कॅप्टन हुक झाले, तर 1955 मधील 'द लार्क' या नाटकातील बिशप कोशों या भूमिकेसाठी त्यांना टोनी पुरस्काराचे नामांकन मिळाले. ऑस्करचे नामांकन मात्र कधीच मिळाले नाही.

15. चिनी पात्रांच्या त्यांच्या भूमिका आज पाहाव्यात का?

पाहाव्यात, पण डोळे उघडे ठेवून. 'द मास्क ऑफ फू मांचू' (1932) हा उघड वर्णद्वेषी चित्रपट आहे आणि त्यांचे काम प्रभावी असल्याने तो अधिकच खुपतो. 1938 ते 1940 या काळात पाच चित्रपटांत त्यांनी केलेला गुप्तहेर मिस्टर वाँग सुसंस्कृत आहे, तरीही गोऱ्या नटाने डोळे ताणून केलेला चिनी माणूस हे त्यातले मूळ वैगुण्य राहतेच. त्या मालिकेच्या सहाव्या चित्रपटात वंशाने चिनी असलेले कीय ल्यूक हेच नायक झाले, ही नोंद सहसा राहून जाते. प्रश्न 3 मधील कुटुंबाची कथा यासोबत वाचावी.

16. नटांच्या संघटनेशी त्यांचा काय संबंध?

'स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड' 1933 मध्ये स्थापन झाली त्या मोजक्या संस्थापकांत ते होते; त्यांचा सदस्य क्रमांक 9. पहाटे रंगभूषेला बसून रात्री उशिरा ती खरवडून काढणाऱ्या नटाला कामाच्या तासांवर मर्यादा का हवी, हे कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. स्टुडिओंची नाराजी ओढवण्याचा धोका असताना, नुकतीच प्रसिद्धी मिळालेल्या माणसाने हे करणे मला त्यांच्या कोणत्याही भूमिकेइतके मोलाचे वाटते.

17. 'ग्रिंच'चे प्रसिद्ध गाणे त्यांनीच गायले आहे ना?

नाही. 1966 च्या 'हाउ द ग्रिंच स्टोल ख्रिसमस' या अ‍ॅनिमेशनपटात निवेदन आणि ग्रिंचचा आवाज कार्लॉफ यांचा आहे आणि त्याच्या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी मिळाला. गाणे थर्ल रेव्हन्सक्रॉफ्ट यांचे आहे. श्रेयनामावलीत त्यांचे नाव राहून गेल्यामुळे हा गैरसमज सुरू झाला.

18. मृत्यूनंतरही त्यांचे चित्रपट येत होते. मग शेवटचा कोणता समजायचा?

चित्रीकरणाच्या क्रमाने पाहिले तर 1968 मध्ये एका मेक्सिकन निर्मात्यासाठी केलेले चार चित्रपट शेवटचे. मेक्सिकोचा प्रवास प्रकृतीला झेपणारा नव्हता म्हणून त्यांची दृश्ये लॉस एंजेलिसमध्ये घेतली गेली आणि उरलेला भाग मेक्सिकोत जोडला गेला. त्यांच्या निधनानंतरच्या वर्षांतही ते प्रदर्शित होत राहिले. फुप्फुसांचा आणि सांध्यांचा विकार इतका बळावला होता की दृश्यांच्या मधल्या वेळात त्यांना चाकांची खुर्ची आणि प्राणवायू लागे. चित्रपट म्हणून या चौघांत सांगण्यासारखे काही नाही.

निरोपाचा चित्रपट म्हणून पाहायचा तर पीटर बोगदानोविच यांचा 'टार्गेट्स' (1968) पाहावा. निर्माते रॉजर कॉर्मन यांना कार्लॉफ यांच्याकडून दोन दिवसांचे काम येणे होते, त्यातून तो उभा राहिला. निवृत्त होऊ पाहणारा वृद्ध भयपट-नट बायरन ऑर्लॉक ही भूमिका म्हणजे जवळजवळ ते स्वतःच. आपली भीती आता जुनी झाली, वर्तमानपत्रातल्या बातम्या जास्त भयंकर आहेत असे ऑर्लॉकला वाटते आणि त्याच गावात एक शांत, साधा दिसणारा तरुण बंदुका जमवत असतो. मध्ये एका ठिकाणी ऑर्लॉक मृत्यूला चुकवायला समाराला पळालेल्या नोकराची जुनी गोष्ट सांगतो. कॅमेरा हळूहळू त्याच्याजवळ येतो. कसलीही रंगभूषा नाही, पट्ट्या नाहीत, फक्त ऐंशी वर्षांचा चेहरा आणि तो किंचित बोबडा आवाज. हे दृश्य एका सलग चित्रणात घेतले गेले आणि ते संपल्यावर सेटवरच्या कामगारांनी टाळ्या वाजवल्या.